तुरुंगात मारहाण झाली : दावा नंतर, आधी कागद

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दरोड्याच्या एका केसमध्ये वर्षभरापासून मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. केस सेशन्स कोर्टात आहे. गेल्या मुलाकतीला त्याचा डावा हात मनगटापाशी सुजलेला होता, दोन बोटांची नखं काळीनिळी पडली होती आणि त्याला नीट बसता येत नव्हतं. आधी म्हणाला, "बाथरूममध्ये पडलो." वेळ संपत आल्यावर हळूच सांगितलं की बरॅकच्या झडतीच्या वेळी दोघांनी काठीने मारलं. जेलच्या दवाखान्यात 'घसरून पडला' अशी नोंद आहे. आमचे वकील म्हणतात, आत असताना सरकारवर दावा करता येत नाही, आधी जामीन होऊ द्या. दुसऱ्या एकाने सांगितलं, दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मी काही केलं तर त्याला आणखी मारतील अशी भीती वाटते. आईला अजून सांगितलेलं नाही. मी काय करू?
– एक बहीण

उत्तर :

ताई, आत असलेल्या माणसाला सरकारविरुद्ध दाद मागता येत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका माणसाने अणूवर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं होतं आणि सरकार ते हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. तो आतूनच कोर्टात गेला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्र सरकार हरलं. पुढे सुनील बत्रा नावाच्या कैद्याने तिहारमधून न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. मार त्याला बसला नव्हता, दुसऱ्या कैद्याला बसला होता. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १९७९ च्या डिसेंबरातला तो निकाल आजही तुमच्या कामाचा आहे. त्याकडे पुढे येते.

तुमच्या वकिलांचं एक म्हणणं मात्र मला कळतं. हक्क असणं निराळं आणि तो कोर्टात शाबित करणं निराळं. मारहाण बंद दाराआड झालेली. साक्षीदार म्हणजे सहकैदी, आणि त्यांना रात्री त्याच बरॅकमध्ये झोपायचंय. नोंदवही ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच ताब्यात. कोठडीत असताना झालेल्या जखमेचा खुलासा ताब्यात ठेवणाऱ्याने द्यावा, असं गृहीतक साक्ष कायद्यात घाला, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ सालीच केली होती. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही ते आलं नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला संमती दिली नाही आणि छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे सिद्ध करण्याचा सगळा भार, ज्याच्या हातात काहीच नाही त्या माणसावर येऊन पडतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज तुम्हाला याच परिस्थितीत चालायचंय.

म्हणून दाव्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी भावाच्या अंगावरच्या खुणा जेलबाहेरच्या सरकारी डॉक्टरच्या कागदावर यायला हव्यात. सुबे सिंग विरुद्ध हरियाणा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की कोठडीतल्या छळासाठी याचिकेत थेट भरपाई हवी असेल तर हक्कभंग उघड आणि निर्विवाद दिसला पाहिजे, आणि छळाच्या आरोपाला वैद्यकीय अहवालाचा किंवा दिसणाऱ्या खुणांचा, अपंगत्वाचा आधार हवा. त्या अर्जदाराला भरपाई मिळाली नाही. सरकारी वकील हा निकाल तुमच्यापुढे ठेवणार हे आत्ताच धरून चाला.

हे उत्तर छापून येईपर्यंत काही दिवस गेलेले असतील, पण उशीर झाला असं समजून सोडून देऊ नका. काठीचे वळ आधी लालसर, मग निळे-जांभळे, मग हिरवट-पिवळे होतात आणि साधारण दोन आठवड्यांत दिसेनासे होतात. ते गेले असतील तर गेले. मनगटाचं हाड मोडलं असेल तर मात्र एक्स-रेमध्ये ते भरून येतानाची खूण पुढे कित्येक आठवडे दिसते आणि तिच्यावरून मोड किती जुनी याचा अंदाज बांधता येतो. काळी नखं तर फारच महत्त्वाची आहेत. नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि हाताचं नख पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. दोन बोटांची नखं एकदम काळी कशी पडली, याचं उत्तर 'घसरून पडला' या दोन शब्दांत बसत नाही. डॉक्टरने ती नखं मोजून, फोटो काढून लिहून ठेवली पाहिजेत.

एक्स-रेवर आणखीही एक गोष्ट अवलंबून आहे. हाड मोडलं असेल तर भारतीय न्याय संहितेत ती 'गंभीर दुखापत' होते. तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली ठरलंय. हाड शाबूत निघालं तर साधी दुखापत म्हणून एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून तुमची बोळवण करायचा प्रयत्न होईल. म्हणजे पोलीस ठाण्यात तुम्हाला कसं वागवतील हेसुद्धा त्या एका फिल्मवर ठरणार.

आता हे घडवून कसं आणायचं? जेल अधीक्षकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. भावाची केस ज्या सेशन्स कोर्टात चालू आहे, तिथेच अर्ज द्या. तो न्यायालयीन कोठडीत आहे, म्हणजे न्यायाधीशांच्या आदेशाने आत आहे. त्याच्या जिवाची काळजी घेणं हे त्या कोर्टाचं काम आहे. वकील करत नसतील तर तुम्ही स्वतः बहीण म्हणून अर्ज देऊ शकता. भाषा साधी ठेवा. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं :

"आरोपी माझा सख्खा भाऊ आहे. दिनांक अमुक रोजी मुलाकतीत त्याचा डावा हात मनगटाजवळ सुजलेला, दोन बोटांची नखं काळीनिळी व बसण्यास त्रास होत असल्याचे मी स्वतः पाहिले. झडतीच्या वेळी दोन कर्मचाऱ्यांनी काठीने मारल्याचे त्याने मला सांगितले. त्यास प्रत्यक्ष न्यायालयात हजर करून, कारागृहाचे कर्मचारी जवळ नसताना त्याचे म्हणणे नोंदवावे. जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे व फोटोसह तपासणी करून अहवाल सीलबंद मागवावा. त्या दिवशीचे बरॅक व कॉरिडॉरचे सीसीटीव्ही चित्रीकरण, झडतीची नोंद व कारागृह दवाखान्याचे रजिस्टर जतन करण्याचा आदेश व्हावा."

यात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगवेगळं ठेवलंय ते तसंच ठेवा. पाहिलेल्या गोष्टीच्या तुम्ही साक्षीदार आहात. उलटतपासणीत तेच टिकतं. चढवून एक शब्दही लिहू नका. आणि सीसीटीव्हीची ओळ कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. चित्रीकरणावर चित्रीकरण चढत जातं आणि दोन महिन्यांनी मागितलं की 'उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. जेलमध्ये दाखल होताना कैद्याची वैद्यकीय तपासणी होते, ती नोंदही मागवा. आत जाताना हात धड होता, हे त्यांच्याच कागदावरून दिसेल.

अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. त्या तारखेचा रोजनामा, म्हणजे कोर्टाने त्या दिवशी काय झालं याची केलेली नोंद, आणि आदेशाची नक्कल काढा. न्यायाधीशांनी तोंडी काही विचारलं आणि ते रोजनाम्यात आलं नाही, तर पुढच्या कोर्टापुढे ते घडलेलंच नसतं. भावाची पुढची तारीख व्हिडिओ कॉन्फरन्सने असेल तर आणखी पंचाईत आहे : तो बोलत असतो जेलच्या खोलीतून, आणि शेजारी उभा असतो जेलचाच माणूस. म्हणून 'प्रत्यक्ष हजर करा' ही मागणी अर्जात पहिली आहे. तरीही व्हीसीच झाली, तर त्याने एवढंच म्हणावं, "साहेब, मला मारहाण झाली आहे, मला कोर्टात येऊन सांगायचं आहे." तपशील नंतर. आणि 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असा जबाब त्याच्याकडून घेतला जाण्याची शक्यता मोठी आहे. शक्य असेल तर सही करू नये. केलीच असेल तर लाजू नये. पुढच्या तारखेला दबावाखाली सही केल्याचं न्यायाधीशांना सांगावं.

तुमच्या भीतीबद्दल. ती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. तक्रार करणाऱ्या कैद्याची मुलाकत अडते, त्याला लांबच्या जेलला पाठवलं जातं, शिस्तभंगाचा अहवाल होतो. तुरुंगात शिक्षा द्यायचा अधिकार अधीक्षकांच्याच हातात असतो. कधी कधी उलट त्याच्यावरच 'सरकारी कामात अडथळा, कर्मचाऱ्यावर हल्ला' असा गुन्हा दाखल होतो. माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत जास्त धोका असतो तो जेलला कळलंय पण कोर्टाला अजून कळलेलं नाही, अशा मधल्या दिवसांत. म्हणूनच आधी कोर्ट, मग जेल. अर्जातच आणखी एक मागणी घाला : कोर्टाला कळवल्याशिवाय त्याला शिक्षा देऊ नये किंवा दुसऱ्या कारागृहात हलवू नये. इथे बत्रा प्रकरणाचा तो निकाल उपयोगी पडतो. एकांतवास, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दूरच्या तुरुंगात पाठवणं, असं काही सेशन्स न्यायाधीशांच्या देखरेखीशिवाय करू नये, आणि तातडी असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलंय. भावालाच दुसऱ्या जेलमध्ये जायचं असेल तर तसं मागा, पण ते त्याला विचारून. मार त्याने खाल्लाय आणि पुढचे दिवसही त्यालाच तिथे काढायचेत. अर्ज देण्याआधी त्याचा होकार घ्या, हे मी मनापासून सांगते. तो नको म्हणाला तर वैद्यकीय तपासणीपुरता अर्ज द्या. मारहाणीचा आरोप सध्या न करताही उपचार आणि एक्स-रे मागता येतो आणि पुरावा तयार होतो.

मारणाऱ्यांवर फौजदारी खटला चालवणं हा पुढचा टप्पा, आणि तिथे खरा डोंगर आहे. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि मग शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे जायचं. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानुसार, सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेटला त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवावा लागतो. वरिष्ठ म्हणजे बहुधा तेच, ज्यांच्या नाकाखाली हे घडलं. त्याशिवाय ज्या अधिकाऱ्याला फक्त सरकारच नोकरीवरून काढू शकतं, त्याच्यावर खटल्यासाठी सरकारची मंजुरी लागते. साध्या शिपाई दर्जाच्या कर्मचाऱ्याला हे कवच सर्वसाधारणपणे मिळत नाही, तरी ते मागितलं जातंच. मंजुरीचं हत्यार किती धारदार आहे ते ख्वाजा युनूस प्रकरणात महाराष्ट्राने पाहिलंय : २००३ मधल्या त्या कोठडी मृत्यूत सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली, सरकारने चौघांपुरती दिली. नव्या संहितेत एक सुधारणा मात्र चांगली झालीय. मंजुरीच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. त्यामुळे अर्ज पोहोचल्याची तारीख जपून ठेवा. 'मारहाण हा कर्तव्याचा भागच नव्हे, म्हणून मंजुरी नको' हा मुद्दाही तुमच्या वकिलाने मांडायचा. मात्र कर्तव्य बजावताना जरा मर्यादा ओलांडली एवढंच असेल तर संरक्षण लागू होतं, असंही न्यायालयांनी म्हटलेलं आहे. म्हणून 'झडती चालू असताना' आणि 'झडती संपल्यावर बाजूला नेऊन' यातला फरक भावाला नीट विचारून घ्या. खटला त्यावर उभा राहील किंवा पडेल.

एक गोष्ट मला फार खुपते. कैदी कोठडीत मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने सक्तीची आहे. जिवंत राहिला तर तशी सक्ती नाही. मृत्यूच्या प्रकरणातही घरच्यांना कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतात : परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या आईला एफआयआरसाठी औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं, ४ जुलै २०२५ ला आदेश झाला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही त्या महिनाअखेरीस आदेश कायम राहिला. त्या आईने हे करून दाखवलं. त्यांच्याच निकालाचा आधार आता इतरांना घेता येईल.

पैशांच्या भरपाईचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही नोटिशीबद्दल लिहिलंय. दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली सरकारला, म्हणजे सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हे खरं आहे. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा लावता येतो. मुदतीचं जास्त सांभाळा. 'कायद्याने दिलेलं काम म्हणून हे केलं' असं ज्या कृत्याबद्दल सांगितलं जातं, त्याच्या भरपाईच्या दाव्याला एक वर्ष, असं मुदत कायद्यात आहे. मारहाणीला ते लागू नाही असा युक्तिवाद करता येतो, पण त्या वादात पडायला नको म्हणून वर्षाच्या आतच हालचाल करा. तुरुंगात होतो म्हणून उशीर झाला, ही सबब मुदत कायद्यात नाही. सूट अज्ञान मुलांना आणि मनोरुग्णांना आहे, कैद्यांना नाही. पोलीस कोठडीतली मारहाण असती तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची सहा महिन्यांची मुदतही आडवी आली असती. हे वाचणाऱ्या इतरांनी ध्यानात ठेवावं.

सरकार 'सार्वभौम काम होतं, भरपाई देणं लागत नाही' असंही म्हणेल. १९६४ च्या कस्तुरीलाल निकालात ते मान्य झालं होतं. पण मूलभूत हक्काच्या भंगापुढे ही ढाल चालत नाही, असं नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली ठरलं. तिथेही एका आईने पत्र लिहिलं होतं. मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख मिळाले. आंध्रमधल्या एका सबजेलमध्ये १९७७ साली बॉम्ब टाकून एका कैद्याला मारलं, त्याच्या मुलाने दावा लावला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत २००० साल उजाडलं. जिंकला, पण तेवीस वर्षांनी. म्हणून माझा कल दाव्यापेक्षा हायकोर्टातल्या फौजदारी याचिकेकडे आहे. वैद्यकीय अहवाल चांगला आला तर ती करा, तीत एफआयआर, सुरक्षा आणि भरपाई तिन्ही मागा. अहवालच नसेल तर 'वस्तुस्थितीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा' असं सांगून हायकोर्ट परत पाठवू शकतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी तुमचा जिल्हा असेल तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येतं, मुंबईच्या खेपा वाचतील.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट करता येते आणि तिथेही घटनेपासून एका वर्षाची मर्यादा आहे. पण आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. शिवाय तोच विषय कोर्टात असेल तर सहसा हात काढून घेतो. तुमच्या बाबतीत मी तिकडे आधी जाणार नाही.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. स्त्री म्हणून तुम्हालाही तोच हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, ते स्वतः न्यायाधीश असतात. किंवा १५१०० ला फोन करा. जेलमध्ये भेट देणारा पॅनेलवरचा वकील त्यांच्याकडूनच जातो. त्या वकिलाला भावाला भेटायला पाठवा, वकीलपत्रावर सही घेऊ द्या आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून आणू द्या. सध्याच्या वकिलांशी भांडू नका. जामिनाचा अर्ज त्यांनी जरूर करावा. आतून बाहेर येणं हीच सगळ्यात मोठी सुरक्षा आहे आणि वैद्यकीय अहवाल आला तर जामिनालाही त्याचा आधार होईल. फक्त एकासाठी दुसरं थांबवायचं नाही.

आईला सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, पण मुलाकतीला एकट्या जाऊ नका. हात, नखं दुसऱ्या कोणीतरीही पाहिलेली असावीत, म्हणजे आणखी एक शपथपत्र तयार होईल. घरी आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या वहीत, त्याच दिवशी, तारीख घालून लिहा. आणि अर्जावर काय आदेश झाला ते मला नक्की कळवा. नक्कल पाठवलीत तर हायकोर्टातल्या याचिकेत कोणत्या मागण्या घालायच्या ते त्या आदेशाकडे बघून लिहिते.